मान्य व कबूल नाही

ग्राहक आयोगात तक्रारीला जे उत्तर द्यायचं असतं त्याला लेखी कैफियत म्हणतात, आणि त्या कैफियतीतलं एक वाक्य ठाण्यातल्या आमच्या कोर्ट नाक्याच्या प्रत्येक टायपिस्टला पाठ असतं. "तक्रारीतील परिच्छेद क्रमांक अमुकमधील मजकूर खोटा व खोडसाळ असून तो सामनेवाले यांना मान्य व कबूल नाही." सामनेवाले म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते. परिच्छेदाचा आकडा तेवढा बदलायचा. मी बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या बाजूने उभी राहते, म्हणजे कायम सामनेवाल्यांची वकील. सनद २००७ ची, तेव्हापासून हे वाक्य किती वेळा टाइप केलं असेल त्याचा हिशोब नाही. आज त्याच वाक्याबद्दल लिहायचंय.

सुरुवातीचा एक दिवस सांगते. सिनियर सरांकडे लागून मला सात-आठ महिने झाले होते, तेव्हा आयोगाला मंच म्हणायचे, ठाण्याचा मंच आणि बेलापूरला कोकण भवनात अतिरिक्त ठाण्याचा मंच. सरांनी एक फाईल हातात दिली, म्हणाले बेलापूरला जा, कैफियत दाखल कर आणि पुढची तारीख घेऊन ये. पर्सनल लोनची केस होती, ऐरोलीचे एक रिटायर्ड गृहस्थ, वकील नव्हता, स्वतःच उभे होते. कैफियत मीच टाइप केलेली, जुन्या केसची फाईल उघडून नावं बदलून, आणि वर लिहिलं होतं की परिच्छेद १ ते १४ मधील मजकूर खोटा व खोडसाळ. अध्यक्षांनी चाळली आणि मला विचारलं, "मॅडम, परिच्छेद एकमध्ये तक्रारदार म्हणतात की ते ऐरोलीला राहतात आणि निवृत्त आहेत. हेही खोटं आहे का?"

मला उत्तर सुचलं नाही. पण मला आठवतं ते त्या गृहस्थांचं. त्यांना तो प्रश्न माझ्यासाठी होता हे कळलंच नाही, त्यांना वाटलं आपल्याकडेच पुरावा मागतायत, आणि त्यांनी घाईघाईने पिशवीतून रेशनकार्ड काढलं, मग लाइट बिल, मग कंपनीचं जुनं ओळखपत्र, आणि ते सगळं टेबलावर ओळीने मांडायला लागले, हात थरथरत होते. म्हणत होते, "साहेब मी खोटं नाही बोलत, १९९४ पासून तिथंच आहे." मी त्यांच्यापासून तीन फुटांवर उभी होते आणि त्या माणसाला खोटं ठरवणारा कागद माझ्या सहीचा होता.

परत येताना ठाण्याच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली होती, पण मला तुर्भे कधी गेलं, घणसोली कधी गेलं कळलं नाही. संध्याकाळी चरईतल्या ऑफिसमध्ये सरांना सांगितलं. सर चिडले नाहीत. त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहिता काढली आणि ऑर्डर ८ चा रूल ५ वाचायला लावला. दाव्यातली जी गोष्ट तुम्ही स्पष्टपणे नाकारत नाही ती तुम्ही मान्य केली असं धरतात. म्हणून वकील सगळंच नाकारतात, भीतीपोटी, काही सुटून जाऊ नये म्हणून. मग म्हणाले आता मागचे दोन रूलही वाच. ३ आणि ४. त्यात लिहिलंय की सरसकट नकार चालत नाही, मुद्द्यागणिक उत्तर द्यावं लागतं आणि टाळाटाळ करणारा नकारही चालत नाही. ग्राहक आयोगाला ही संहिता जशीच्या तशी लागू नाही, पण आम्ही सगळे त्याच सवयीत वाढलो. सवय उचलली ती रूल ५ ची, ३ आणि ४ ची नाही.

आता ही फाईल माझ्यापर्यंत येते कशी ते सांगते, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं बँकेकडे वकिलांची फौज असते. तसं नसतं. तक्रार दाखल होते, आयोगाची नोटीस निघते, ती बहुतेक वेळा वाशी किंवा नौपाड्याच्या ब्रँचला जाते कारण ग्राहकाला तोच पत्ता माहीत असतो. ब्रँचमध्ये ती कोणाच्या तरी टेबलावर पडून राहते, मग हेड ऑफिसला स्कॅन होऊन जाते, हेड ऑफिस दुसऱ्या राज्यात, तिथून लीगल टीम, तिथून पॅनेलवरच्या वकिलाकडे. आणि इकडे घड्याळ सुरू झालेलं असतं. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, आणि आयोगाने दिले तर वर आणखी १५, बस. ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हिल्ली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेजच्या केसमध्ये हे कायमचं ठरवून टाकलं, ४५ दिवसांच्या पुढे एकही दिवस नाही. त्याआधी आम्ही सर्रास तीन-चार महिन्यांनी कैफियत द्यायचो, पाचशे-हजार कॉस्ट, म्हणजे उशिराचा दंड, भरायचो आणि घेतली जायची. आता ४६व्या दिवशी गेलात तर कैफियतीशिवाय केस चालते, मग नुसत्या कायद्याच्या मुद्द्यावर बोला, पण तक्रारदाराने सांगितलेल्या हकिकतीला तुमचं उत्तरच रेकॉर्डवर नाही.

माझ्या हातात फाईल येते तेव्हा ४५ पैकी २५-३० दिवस गेलेले असतात. फी केसमागे ठरलेली असते, तुम्ही कैफियत दोन तासांत केली काय आणि दोन आठवडे बसलात काय पैसे तेवढेच. सोबत कागद येतात ते अर्धे, लोन ॲग्रीमेंट असतं, सॅंक्शन लेटर असतं, खात्याचा उतारा म्हणजे एसओए असतो, पण ग्राहकाने पाठवलेले ईमेल नसतात, ब्रँचमध्ये दिलेले अर्ज नसतात. अशा वेळी ते तयार वाक्य फार सोयीचं पडतं. मी कोणाला दोष देत नाही, मीही तेच केलंय वर्षानुवर्षं.

आणि समोर कोण असतं तर बहुतेक वेळा एकटा माणूस. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, वकील लागतोच असं नाही, आता १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आलंय त्यावरून घरबसल्या दाखल करता येते, आणि २०१९ च्या कायद्याने (तो लागू झाला २० जुलै २०२० ला) ग्राहक जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते. हे सगळं चांगलंच झालं. पण त्यामुळे माझ्या कैफियतीचा वाचक कोणी वकील नसतो. तो डोंबिवलीचा किंवा कळव्याचा कोणीतरी असतो जो रात्री जेवण झाल्यावर चष्मा लावून वाचतो की बँक म्हणते मी खोटा आणि खोडसाळ आहे.

मी सावकारांची वकील का झाले हे मला नातेवाईक लग्नाकार्यात हमखास विचारतात. त्याचं उत्तर माझ्या वडिलांपाशी आहे. बाबा वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी एका सहकाऱ्याला पतपेढीच्या कर्जाला जामीन राहून सही दिली, तो माणूस नोकरी सोडून गावी गेला, आणि बाबांच्या पगारातून कापायला लागले. आमच्याकडे दर महिन्याला पगाराच्या दिवशी आईबाबांचं भांडण व्हायचं. बाबांना वाटायचं आपण फक्त ओळख दिली, कर्ज त्याचं आहे. करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच, पण हे त्यांना कोणी कधी नीट सांगितलंच नव्हतं. एक दिवस ते पतपेढीत भांडायला गेले तर तिथं पतपेढीचे वकील बसले होते, त्यांनी बाबांना समोर बसवलं, चहा मागवला आणि कोऱ्या कागदावर सगळा हिशोब मांडून दाखवला, मुद्दल किती, व्याज किती, किती कापून झालं, किती महिने राहिले, आणि हेही सांगितलं की मूळ कर्जदारावर तुम्ही नंतर वसुलीचा दावा लावू शकता. बाबा घरी आले ते शांत होते. कापायचं तेवढं कापलं गेलंच, एक रुपया कमी झाला नाही. पण पगाराच्या दिवशीची भांडणं थांबली. तो कागद बाबांच्या विरुद्ध बाजूच्या वकिलाने लिहिलेला होता हे मला तेव्हाही विशेष वाटलं होतं, मी नववीत होते.

म्हणून मी एसओए स्वतः वाचते. प्रिंट काढते, पेन्सिल घेते आणि ओळीओळीने जाते. यात काय सापडतं ते सांगते म्हणजे तुम्हालाही तुमच्या कर्जाचा उतारा वाचता येईल.

समजा दहा लाखांचं होम लोन, वीस वर्षं, ९ टक्के. हप्ता येतो ८,९९७ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले ७,५०० व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं १,४९७. हे लोकांना ऐकून माहीत असतं पण आकडा समोर दिसला की धक्का बसतो, आणि कितीतरी तक्रारी याच धक्क्यातून आलेल्या असतात की "तीन वर्षं भरतोय आणि मुद्दल तसंच". यात कंपनीची चूक नाही, गणित तसंच आहे, आणि मी ते कैफियतीला तक्ता जोडून दाखवते.

पण दुसरं उदाहरण घ्या. तेच दहा लाख, वीस वर्षं, पण घेतलं २०२१ ला ७ टक्क्यांनी. हप्ता ७,७५३. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ वरून साडेसहावर नेला, तुमचं फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराचं लोन साडेनऊ टक्के झालं. वर्षभर हप्ते भरून मुद्दल उरलं होतं साधारण ९ लाख ७६ हजार. त्याचं साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं ७,७२८. म्हणजे ७,७५३ चा हप्ता भरला तर मुद्दल फिटलं पंचवीस रुपये. पंचवीस! कंपनीने हप्ता वाढवला नाही, मुदत वाढवली, ग्राहकाला एक एसएमएस गेला असेल नसेल, आणि त्याला कळलं तेव्हा वीस वर्षांचं कर्ज कागदावर रिटायरमेंटच्या पुष्कळ पुढे गेलेलं होतं. अशा केसमध्ये दर वाढवण्याचा अधिकार करारात असतो, तो मी ठामपणे मांडते. पण कळवलं का, हप्ता वाढवायचा की मुदत हे विचारलं का, तिथं माझ्या फाईलमध्ये कागदच नसतो. १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने सर्क्युलर काढून हे बंधनकारकच केलं, की दर बदलताना कळवा, पर्याय द्या, आणि मुदत वाढवताना व्याजही भागत नाही अशी वेळ येऊ देऊ नका. त्याच तारखेचं दुसरं सर्क्युलर दंडाचं, की दंड म्हणून जादा व्याज लावायचं नाही, दंड वेगळा दाखवायचा आणि दंडावर व्याज चढवायचं नाही. ते नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. त्याआधीच्या उताऱ्यांमध्ये मी पाहिलंय की चार हप्ते बाउन्स झालेला माणूस पुढे छत्तीसच्या छत्तीस भरतो, आणि शेवटी त्याला अकरा हजार बाकी दाखवतात, कारण त्याचा प्रत्येक पैसा आधी चार्जेसमध्ये वळता झालाय, मग व्याजात, मग मुद्दलात.

आता कोणी म्हणेल मग ग्राहक तेवढे खरे आणि कंपन्या खोट्या. नाही, अजिबात नाही. घोडबंदर रोडच्या एका मुलाची तक्रार होती की मोबाईल ॲपवरचं लोन मी घेतलंच नाही, फ्रॉड झालाय. अशा केसमध्ये व्यवहार ग्राहकानेच केला हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर असते, ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं सर्क्युलर तसंच सांगतं, म्हणून मी सगळं मागवलं, ओटीपीचा लॉग, पैसे कुठल्या खात्यात गेले, आणि पैसे त्याच्याच पगाराच्या खात्यात आले होते आणि त्याच संध्याकाळी त्यातून नवा फोन घेतला होता, जो फोन हातात घेऊन तो आयोगासमोर उभा होता. मी ते कागद दाखवले, तक्रार काढून टाकली गेली. त्या दिवशी मला मनापासून बरं वाटलं. कारण अशा एका तक्रारीपायी खऱ्या माणसाची तारीख चार महिने पुढे ढकलली जाते.

क्रेडिट कार्डच्या व्याजाचंही तसंच. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलं होतं की ३० टक्क्यांवर व्याज म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा, आणि तो निकाल पुढची सोळा वर्षं प्रत्येक कार्डच्या तक्रारीला जोडलेला असायचा. २० डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, व्याजाचे दर हा रिझर्व्ह बँकेचा विषय आहे म्हणून. कायदा म्हणून मला हा निकाल बरोबर वाटतो आणि मी तो रोज वापरते.

जे बचाव मला आवडत नाहीत तेही सांगते. कमर्शियल पर्पजचा बचाव. कर्ज धंद्यासाठी घेतलं म्हणजे तू ग्राहकच नाहीस, तक्रार फेटाळा. वागळे इस्टेटच्या एका गाळ्यात एकटा लेथ चालवणारा माणूस, मशीनसाठी घेतलेल्या कर्जात त्याच्याकडून दोनदा विम्याचा हप्ता कापलेला, आणि मला वरून सूचना की कमर्शियल पर्पज घ्या. मी लीगल मॅनेजरला १९९५ चा लक्ष्मी इंजिनिअरिंगचा निकाल पाठवला, ज्यात सुप्रीम कोर्टाने स्वतः राबून पोट भरणाऱ्याला ग्राहक म्हटलंय आणि उदाहरण दिलंय ते नेमकं लेथ मशीनचं. तो मुद्दा आम्ही घेतला नाही, कापलेले पैसे परत गेले. करारात लवादाचं, म्हणजे वाद खाजगी पंचाकडे न्यायचं, कलम आहे म्हणून आयोगाला अधिकार नाही हा बचाव तर २०१८ ला एम्मार एमजीएफच्या निकालानंतर संपलाच, तरी अजून ड्राफ्टमध्ये येतो, मी खोडते.

आणि गाड्या उचलणं. एपीएमसीला भाजी नेणारा टेम्पो पहाटे कोपरखैरण्याजवळ अडवून माल भरलेला असताना नेला, अशी फाईल माझ्याकडे आली होती. हप्ते थकले होते, त्याबद्दल वाद नव्हता. पण माल कुठे गेला, यादी केली का, पोलीस स्टेशनला कळवलं का, आधी नोटीस दिली का, तर काहीच नाही. २००७ च्या प्रकाश कौरच्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की वसुलीसाठी गुंड वापरायचे नाहीत, कायद्याने या. मी माझ्या क्लायंटला लेखी मत दिलं की थकबाकी तुमची खरी आहे आणि पद्धत चुकीची आहे, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, त्यामुळे मालाची भरपाई द्या आणि थकबाकी वेगळी मागा. त्यांनी ऐकलं नाही. निकाल विरोधात गेला, आणि राज्य आयोगात अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, तेव्हा ऐकलं.

सरफेसीचं, म्हणजे थकलेल्या कर्जापायी तारण घर ताब्यात घ्यायच्या कायद्याचं, काम मी काही वर्षं केलं, मग सोडलं. कलम १३(२) ची नोटीस, साठ दिवस, मग कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश, मग ताबा. कायदा बरोबर आहे, तो नसता तर बँकांचे पैसे बुडाले असते आणि ते पैसे ठेवीदारांचे असतात. वाशीच्या डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, मी तेच मांडायचे आणि मला ते पटतंही. पण दिव्याच्या एका इमारतीत ताब्याच्या वेळी मी हजर होते, आणि त्या घरातल्या बाईने कुकरच्या शिट्ट्या पूर्ण होऊ द्या एवढंच मागितलं, आणि आम्ही सगळे, तहसीलचा माणूस, दोन पोलीस, बँकेचा अधिकारी, मी, जिन्यात गप्प उभं राहून शिट्ट्या मोजत होतो. त्यानंतर मी ते काम घेतलं नाही. याच्यावर जास्त लिहीत नाही.

ज्या केसमुळे हे लिहायला घेतलं ती कळव्याच्या काकांची. होम लोन २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण फेडलं. बंद झाल्याचं पत्र मिळालं, पण घराचे मूळ कागद, म्हणजे बिल्डरबरोबरचं नोंदणीकृत ॲग्रीमेंट आणि त्याची पावती, मिळेनात. कंपनीचे कागद बाहेरच्या एका गोडाऊनमध्ये ठेवलेले, तिथं फाईलच सापडत नाही. दीड वर्ष काका ब्रँचला खेटे घालत होते. फ्लॅट विकून चिपळूणकडे गावी जायचं ठरलं होतं, गिऱ्हाईक मिळालं, पण त्याच्या बँकेने मूळ कागद मागितले आणि ते गिऱ्हाईक गेलं. २०२३ च्या मध्यावर त्यांनी तक्रार केली.

माझ्या क्लायंटचं म्हणणं होतं की सर्क्युलर लागू होत नाही, आणि ते कायद्याने बरोबर होतं. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद द्या नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्या, कागद हरवले तर दुय्यम प्रती मिळवायला मदत करा आणि खर्चही सोसा, असं रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं सर्क्युलर आहे, पण ते १ डिसेंबर २०२३ पासून पुढच्या केसेसना. काकांचं कर्ज त्याच्या दोन वर्षं आधीचं. मी तो मुद्दा घेतला. पण लीगलकडून आलेल्या ड्राफ्टमध्ये पुढे होतं की कागद हरवल्याचा मजकूर खोटा व खोडसाळ असून मान्य व कबूल नाही, आणि तक्रारदार स्वतःच कागद घ्यायला आले नाहीत.

तक्रारीला काकांनी एका वहीच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. शाळेची दोनशेपानी वही असते ना, तशी. त्यात ब्रँचच्या प्रत्येक फेरीची नोंद. मी वकील म्हणून त्या वहीवर हरकत घेऊ शकत होते, की हा तक्रारदाराने स्वतःच लिहिलेला कागद आहे, पुरावा म्हणून याला किंमत नाही. पण आधी वाचायला बसले. "१२ मार्च. मॅडम जेवायला गेल्या. सव्वातीनपर्यंत थांबलो." "१९ मार्च. सिस्टिम बंद." "२ एप्रिल. नवीन साहेब आले, त्यांना पहिल्यापासून सांगितले." "२१ एप्रिल. गोडाऊनला मेल केला म्हणाले. मेल दाखवा म्हटले तर रागावले." "५ मे. गेलो नाही, हिचा डोळ्याचा ऑपरेशन." "६ मे. गेलो." अशी एक्केचाळीस पानं. एकाही ठिकाणी शिवी नाही, तक्रार नाही, नुसती तारीख आणि काय झालं ते.

मी ब्रँचकडून व्हिजिटर रजिस्टर मागवलं. यायला आठवडा लागला. वहीतल्या तारखा आणि रजिस्टरमधल्या काकांच्या सह्या मी पेन्सिलने जुळवल्या. ज्या महिन्यांचं रजिस्टर मिळालं त्यातली एकही तारीख चुकलेली नव्हती. ५ मे ला सही नव्हती. ६ ला होती.

मग मी हेड ऑफिसला फोन केला आणि सांगितलं की मी हे खोटं आहे असं लिहिणार नाही, दुसरा वकील द्यायचा असेल तर फाईल परत पाठवते, पण माझा सल्ला असा आहे की कागद सापडत नाहीत हे मान्य करा. समोरचा मुलगा हुशार होता, म्हणाला मॅडम, मान्य केलं तर सेवेतली त्रुटी सरळ सिद्ध होते. मी म्हटलं ती झालेलीच आहे. आपण मान्य केलं तर आपल्याला फक्त भरपाई किती यावर बोलता येईल, सर्क्युलर लागू नाही हा आपला मुद्दा कोणी ऐकून तरी घेईल, आणि नाकारलं तर ते रजिस्टर आपल्याविरुद्ध वाचलं जाईल. तीन दिवसांनी मेल आला, ओके.

कैफियतीत मी लिहिलं, "परिच्छेद ५ ते ९ मधील मजकूर सामनेवाले यांना मान्य आहे." आयोगापुढे काका उभे होते, सोबत काकू, डोळ्याला काळा चष्मा. कैफियतीची प्रत मी हातात दिली. ते तिथंच वाचायला लागले, बोट ओळीवर ठेवून, आणि पाचव्या परिच्छेदाच्या उत्तराशी थांबले. परत वाचलं. मग काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं, तिथंच बाकावर, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, म्हणजे मी जात होतो हे त्यांना मान्य आहे?"

"हो काका. सगळ्या तारखा मान्य आहेत."

ते बसले. पैशांबद्दल त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. तडजोड पुढच्या दोन तारखांमध्ये झाली. कंपनीने आपल्या खर्चाने पोलिसांत कागद गहाळ झाल्याची नोंद केली, पेपरात जाहीर नोटीस दिली, दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रती काढल्या, नुकसानभरपाईचं हमीपत्र दिलं आणि भरपाई म्हणून एक रक्कम. ती रक्कम मी लिहीत नाही, पण काकांच्या मागणीपेक्षा कमी होती आणि कंपनीने सुरुवातीला द्यायची तयारी दाखवली होती त्यापेक्षा बरीच जास्त. पुरसिस, म्हणजे तडजोड झाल्याचं लेखी निवेदन, दाखल झाली, तक्रार निकाली निघाली.

हे सगळं आज लिहितेय कारण आत्ता टेबलावर दुसरी फाईल आहे. कोपरीच्या एका बाईंची. गाडीचं कर्ज फिटल्यावर एनओसीसाठी त्यांच्याकडून दोनदा पैसे घेतलेत, दोन्ही पावत्या कंपनीच्याच आहेत, मी नंबर तपासलेत. मी ड्राफ्ट पाठवला होता त्यात परिच्छेद ६ ला मान्य लिहिलं होतं. दुपारी परत आला तो लाल अक्षरांत बदलून, मान्य व कबूल नाही. फोन केला तर म्हणाले मॅडम, आमच्या फॉरमॅटमध्ये मान्य असं बसत नाही. मी म्हटलं दोन्ही पावत्या समोर ठेवा आणि मला नंबर वाचून दाखवा. त्यांनी वाचले. मग थोडा वेळ शांतता, मग म्हणाले वरून विचारून सांगतो.

आज ३८वा दिवस आहे. परिच्छेद ६ मी परत मान्य केलाय, पावत्यांच्या प्रती मागे जोडल्यात, आणि शपथपत्रावर सही करायला कंपनीचा माणूस सोमवारी ऑफिसला येतो म्हणालाय.